थंडीतलं लाइट बिल: आधी गिझर, मग गोधडी

येऊरच्या पायथ्याला किंवा खारघरच्या डोंगराकडच्या सेक्टरांत जानेवारीच्या पहाटे पारा १६-१७ अंशांवर आला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात. सकाळी दहाला ते पुन्हा घडी होऊन आत जातात. ठाणे-नवी मुंबईची थंडी एवढीच. इथे घर गरम ठेवायला वीज फारशी लागत नाही, ती लागते पाणी गरम करायला. म्हणून हीटर घ्यावा की नाही, पडदे जाड लावावेत की पातळ, हे प्रश्न नंतरचे. आधी गिझर.

त्याही आधी बिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. कळवा-मुंब्रा-शिळ भागात बिल टोरंटचं (महावितरणने तिथे नेमलेल्या खासगी कंपनीचं) येत असलं तरी दर तेच. तुलना करायची तर जानेवारीची नोव्हेंबरशी करा. ऑक्टोबर धरू नका, कारण ऑक्टोबर हीटमध्ये एसी चाललेला असतो आणि जानेवारी उगाच गुणी दिसतो.

बिलातली दुसरी बघायची गोष्ट म्हणजे स्लॅब. घरगुती वापराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं, ही त्यातली मेख. २०२४-२५ च्या दरांत पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये होते आणि १०१ ते ३०० ला १०.२९. त्यावर युनिटमागे वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) १.१७ रुपये आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे १०१ ते ३०० मधलं एक युनिट हातात पडेपर्यंत १३ रुपये ओलांडतं. दर बदलत राहतात. तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घेऊन हीच बेरीज करा, एका युनिटची तुमच्या घरची खरी किंमत कळेल. पुढचे सगळे हिशेब त्याच किमतीने गुणायचे आहेत.

एका आंघोळीला किती युनिट

सूत्र सोपं आहे: पाणी किती लिटर, ते किती अंशांनी तापवायचं, दोन्हींचा गुणाकार करा आणि ८६० ने भागा. उत्तर युनिटमध्ये येतं.

थंडीत सकाळी नळाचं पाणी २२ अंश धरू. आंघोळीला ४० अंश पुरतं. २० लिटरची बादली म्हणजे २० गुणिले १८, भागिले ८६०. साधारण ०.४२ युनिट. आता शॉवर. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडतो, आठ मिनिटांत ७० लिटर जातात. तोच हिशेब, १.४७ युनिट. चौघांचं घर, तीस दिवस: बादलीने ५० युनिट, शॉवरने १७६. फरक १२६ युनिटचा, आणि वरच्या २०२४-२५ च्या दराने तो महिन्याला १,६७५ रुपयांच्या आसपास जातो. ३०० चा टप्पा ओलांडला असेल तर आणखी.

म्हणून गिझर कोणता घ्यावा यावर दुकानात तासभर घालवण्याआधी शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट मोजा. आठ लिटरच्या वर भरत असेल तर शॉवरच्या मागे फ्लो रिस्ट्रिक्टर बसवा. छोटीशी प्लास्टिकची चकती असते, शॉवरच्या चाकीत वॉशरसारखी बसते. ती बसवून मिनिटाला सहा लिटर पडले आणि पाच मिनिटांत आटोपलं तर तीच आंघोळ ०.६३ युनिटवर येते. ज्यांना शॉवर सोडवत नाही त्यांच्यासाठी हा मधला मार्ग. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर पाण्याला दाब जास्त असतो, तिथे ही चकती सगळ्यात जास्त कामाला येते. अगदी वरच्या मजल्यावर आधीच धार बारीक असेल तर बसवू नका, शॉवर नुसता ठिबकेल.

संध्याकाळी कामावरून येऊन आंघोळ करणाऱ्यांना एक फायदा आपोआप मिळतो. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात असते. ते पाणी सकाळपेक्षा चार अंशांनी जरी कोमट मिळालं तरी १८ ऐवजी १४ अंशच तापवायचं राहतं आणि वीज पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी लागते. सोसायटीत कुणाला उत्साह असेल तर आणखी एक करून बघण्यासारखं: रात्रभर गच्चीवर उघड्यावर राहिलेलं पाणी आणि जमिनीखालच्या टाकीतलं पाणी, दोन्ही पहाटे थर्मामीटरने मोजा. खालचं कोमट निघालं तर पंपाची वेळ रात्रीऐवजी पहाटे पाचची करा. खर्च शून्य, फक्त वॉचमनला सांगायचं.

गिझर कधी लावायचा, किती वर ठेवायचा

दोन किलोवॉटचा, १५ लिटरचा गिझर २२ पासून ६० अंशांपर्यंत यायला २० मिनिटं घेतो. २५ लिटरचा ३३ मिनिटं. यापेक्षा आधी लावणं म्हणजे निव्वळ सवय. 'सारखं बंद-चालू केलं तर जास्त वीज लागते' हे खरं नाही. गरम टाकी तिच्या अंगातून चोवीस तास उष्णता सोडत असते आणि पाणी जितकं जास्त वेळ गरम राहील तितकी ती जास्त सुटते. बंद टाकी थंड होत जाते तशी सुटणारी उष्णताही कमी होते.

ही गळती घरच्या घरी मोजता येते. रात्री गिझर पूर्ण तापू द्या, दिवा विझला की बंद करा, गरम नळाला कुणी हात लावायचा नाही. सकाळी लावा आणि दिवा विझेपर्यंतची मिनिटं मोजा. दोन किलोवॉटच्या गिझरला नऊ मिनिटं लागली तर रात्रभरात ०.३ युनिट हवेत गेलं. पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर टाकीभोवतीचा पफ (उष्णता अडवणारा फोम) संपला आहे, किंवा गरम नळ कुठेतरी ठिबकतो आहे. आधी नळ बघा. नवा गिझर घेताना बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) लेबलवर स्टार बघतोच आपण, पण त्याच्याखाली स्टँडिंग लॉसचा आकडा छापलेला असतो, २४ तासांत किती युनिट वाया जातात त्याचा. एकाच क्षमतेच्या दोन गिझरमध्ये निवड करताना तो आकडा बघा.

आता तापमानाची कळ. ६० वर ठेवलं की बिल वाढतं आणि ५० वर ठेवलं की वाचतं, हे अर्धसत्य आहे. बादलीत ४० अंशांचं २० लिटर पाणी पडायला तेवढीच उष्णता लागते, मग ती ६० च्या साडेनऊ लिटरमधून येवो की ५० च्या १३ लिटरमधून. फरक पडतो तो फक्त टाकीच्या गळतीत. घरात एक-दोन माणसं असतील आणि आंघोळी सलग उरकत असतील तर ५० पुरे. पण १५ लिटरच्या टाकीत ५० अंशांवर एकच बादली निघते, दुसरा माणूस साबण लावून ओरडतो आणि मग घरातलं कुणीतरी कळ थेट ७५ वर फिरवून ठेवतं. चौघांच्या घरात ६० ठेवा, आंघोळी एकापाठोपाठ एक करा, शेवटच्या माणसाने आंघोळीला जातानाच गिझर बंद करावा. उरलेल्या गरम पाण्यात त्याचं भागतं. कळ कायम ५० च्या खाली ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा टाकी ६० पर्यंत तापवावी. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

दोन बाथरूमचा फ्लॅट असेल तर दोन गिझर तापवू नका. थंडीचे दोन महिने आंघोळीचं बाथरूम एकच ठरवा. आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला गरम पाण्याची लाइन दिली असेल तर तिचा हिशेब लक्षात ठेवा: बाथरूमपासून तीस फूट अर्ध्या इंची पाइपात सव्वा लिटर पाणी बसतं. एक कढई धुवायला आधी ते थंड पाणी सिंकमध्ये जातं, मागून आलेलं सव्वा लिटर गरम पाणी पाइपातच थंड होतं. भांड्यांना तांब्याभर पाणी गॅसवर, झाकण ठेवून, तापवलेलं परवडतं.

सिंगल लिव्हरचा मिक्सर असेल तर त्याची दांडी मध्यावर राहू देऊ नका. मध्यावर असताना नुसता हात धुतला तरी गरम लाइनमधून पाणी ओढलं जातं. गरम तुमच्या हातापर्यंत पोचतही नाही, पण टाकीत थंड शिरलं आणि थर्मोस्टॅट सुरू झाला. दांडी कायम थंडाच्या टोकाला.

विसरभोळ्या घरांसाठी १६ अँपिअरचा टायमर बसवा. स्मार्ट प्लग घेतला तरी त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं पाहिजे. दहा अँपिअरचा प्लग दोन किलोवॉटच्या ८.७ अँपिअरवर चालतो खरा, पण रोज अर्धा तास तापत राहतो आणि एका हिवाळ्यात त्याची पिन काळी पडते. स्वस्तातला उपाय म्हणजे गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आणि त्यात लाल दिवा. येता-जाता दिसलं की कुणीतरी बंद करतं.

इन्स्टंट गिझरबद्दल एकच. तीन किलोवॉटचा, तीन लिटरचा इन्स्टंट २२ चं पाणी ४० पर्यंत सतत तापवू शकतो ते मिनिटाला २.४ लिटर. शॉवर लावलात की पहिलं मिनिट गरम, नंतर गार. हा बिघाड नाही, त्याची ताकदच तेवढी. बादलीसाठी, बारीक धार ठेवून, एकट्या माणसाला तो उत्तम.

गिझरशिवाय भागवायचं तर इमर्शन रॉड काही वाईट नाही. त्याची जवळजवळ सगळी वीज पाण्यातच जाते, टाकीची गळती नाही. १,५०० वॉटच्या रॉडला २० लिटर पाणी २२ वरून ४५ ला आणायला २१ मिनिटं लागतात, ०.५३ युनिट. धोका विजेच्या खर्चाचा नाही, झटक्याचा आहे. आयएसआय शिक्का, तीन पिनचा प्लग आणि चालू स्थितीतलं अर्थिंग नसेल तर रॉड घेऊच नका. स्टीलची बादली नको. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी, आणि पाणी तापलंय का हे बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा. लहान मूल असलेल्या घरात रॉड नकोच.

टँकरचं पाणी आणि गिझरची साफसफाई

पालिकेचं पाणी बहुतेक भातसा किंवा मोरबेसारख्या धरणांचं असतं, ते मऊ. अशा पाण्यावर गिझर वर्षानुवर्षं निमूट चालतो. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत, आणि घोडबंदर पट्ट्यात त्या बऱ्याच आहेत, एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कांडीवर) पांढरा क्षार चढतो. क्षारामुळे वीज जास्त जाते असं सर्व्हिसवाले सांगतात. तसं फारसं होत नाही, एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असल्यामुळे उष्णता शेवटी पाण्यातच जाते. होतं ते असं: क्षाराच्या थराखाली एलिमेंट नको तितकं तापतं आणि एक दिवस जळतं, तळाशी क्षाराचा थर साचून पाण्याला जागा कमी होते, आणि तापताना टाकीतून किटलीसारखा आवाज येऊ लागतो. तो आवाज आला की साफसफाईची वेळ झाली. टँकरच्या पाण्यावर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास. पालिकेच्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी पुरे.

काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण क्रम माहीत असू द्या. आधी एमसीबी (वीज तोडणारा मुख्य खटका) बंद, नुसतं बटण नाही. मग गिझरच्या थंड बाजूचा अँगल कॉक बंद. गरम नळ उघडून दाब काढायचा, मग सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून टाकी रिकामी करायची. खालचं झाकण काढलं की वायरींचा फोटो काढून ठेवा, आणि मग नट सोडून फ्लँजसकट (एलिमेंट ज्यावर बसवलेलं असतं त्या चकतीसकट) एलिमेंट बाहेर. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून एलिमेंटचा तांब्याचा भाग तासभर बुडवून ठेवायचा, वायर जोडायची टोकं कोरडी. क्षार पापुद्र्यासारखा सुटतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, वरचा मुलामा जातो. त्याच वेळी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी बघा. ही कांडी टाकीऐवजी स्वतः गंजते, तेच तिचं काम. झिजून आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. दोन-तीनशे रुपयांकडे बघून ती टाळली की पुढच्या एक-दोन वर्षांत टाकीच गळते. फ्लँजचं रबर गॅस्केट दरवेळी नवं घाला, जुनं परत बसत नाही.

भरताना घाई नको. अँगल कॉक उघडा, गरम नळ उघडा ठेवा, नळातून फुसफुस थांबून सलग धार यायला लागली की मगच एमसीबी चालू. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू झालं तर मिनिटभरात जळतं, आणि नव्या एलिमेंटच्या वॉरंटीत हे बसत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून अनेक जण तिथे बूच लावतात. असं कधीही करू नका. १५ लिटर पाणी २२ वरून ६० ला जाताना फुगून साधारण २२० मिलिलिटरने वाढतं, ते जायला वाट पाहिजे. तापताना थेंब पडणं ठीक. गिझर बंद असताना, थंड असताना सतत ठिबकत असेल तर मात्र एक तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा इमारतीचा दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीला एक बार दाब धरा. वीस मजली टॉवरच्या तळमजल्यावर दाब कमी करायचा व्हॉल्व्ह नसेल तर सहा बारपर्यंत जातो. अशा इमारतीत आठ बारचाच गिझर घ्या.

वायरिंगचं थोडक्यात: दोन किलोवॉटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तीन किलोवॉटला चार. १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, आणि घराच्या डीबीत (खटक्यांच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका. गिझर लावला की आरसीसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला ती काढू देऊ नका. ती पडते कारण एलिमेंटला भेग गेली आहे आणि पाण्यात करंट उतरतो आहे. गिझरच्या आतला लाल कटआउट (पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा) वारंवार उडत असेल तर थर्मोस्टॅट बदला. कटआउट 'डायरेक्ट' करून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

गॅसवर तापवावं का

ज्यांच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आहे त्यांनी एक भागाकार करावा. गॅस गिझरमध्ये एक एससीएम (घनमीटर) गॅस साधारण आठ युनिट विजेचं काम करतो. गॅसच्या बिलावरचा एससीएमचा दर आठने भागा आणि वर काढलेल्या तुमच्या युनिटच्या किमतीशी ताडून बघा. १०० युनिटच्या वरच्या टप्प्यात असाल तर बहुतेक वेळा गॅस स्वस्त निघतो.

पण पैसे वाचतात म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका, ही एक गोष्ट वाचाल तेवढ्या वेळा वाचा. बंद बाथरूममध्ये ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आंघोळ करणाऱ्याला फक्त गुंगी येते. गिझर बाहेर, हवेशीर डक्टकडच्या गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत, फक्त गरम पाण्याची लाइन आत. दुसरी चूक म्हणजे सिलेंडरचा गिझर पाइप गॅसला जोडणं. सिलेंडरचा गॅस ३० मिलिबारवर येतो, पाइपचा २१ वर, जेट वेगळे लागतात. जोडणी गॅस कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या.

घर आणि अंग उबदार ठेवायला

आता खोली. रूम हीटर दोन किलोवॉटचा, रोज तीन तास म्हणजे महिन्याला १८० युनिट. इथल्या हवेत हे निव्वळ उधळणं आहे. घरात तान्हं बाळ किंवा खूप वयस्क माणूस असेल तर आंघोळीआधी पंधरा मिनिटं खोली दार लावून तापवा आणि बंद करा. ऑइल भरलेला, थर्मोस्टॅटवाला हीटर बरा. लाल कांडीचा असेल तर पांघरुणापासून तीन फूट दूर. एक्स्टेन्शन बोर्डवर कुठलाच हीटर नको, ते बोर्ड बहुतेक सहा अँपिअरचे असतात.

थंडी आत येते ती फटींतून. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्यांच्या कडेला ब्रशची केसाळ पट्टी असते, चार-पाच वर्षांत ती झिजून टकली होते आणि पहाटे तिथून वारा शिटी वाजवतो. काचेचं पान थोडं उचलून ट्रॅकमधून काढा, जुन्या पट्टीचा दोन इंचाचा तुकडा कापून हार्डवेअरच्या दुकानात न्या, कारण पट्टीची रुंदी आणि केसांची उंची कंपनीगणिक बदलते. नवी पट्टी खाचेच्या टोकातून सरकवत न्यायची, शेवटी पक्कडीने खाच हलकी दाबायची. ट्रॅकमधली छोटी भोकं सिलिकॉनने बुजवू नका. जूनमध्ये पावसाचं पाणी त्यातूनच बाहेर जातं, बुजवलीत तर ते हॉलमध्ये येईल.

बाथरूमच्या लूव्हरच्या काचा हा दुसरा दरवाजा. तीन-चार मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट मापाने कापून दोन हुकांवर अडकवा. आंघोळीपुरती लावायची, झाली की काढायची, नाहीतर आठवड्यात छताला बुरशी. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे करायचंच नाही.

ऊन फुकट आहे आणि हिवाळ्यात ते आपणहून आत येतं. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बाराच्या सुमारास सूर्य इथे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फुटांपर्यंत आत पोचतं, वर दोन फुटी छज्जा असेल तर चार-साडेचार फूट. त्या बाजूचे पडदे दहा ते चार उघडे, साडेपाचला बंद. गाद्या त्याच पट्ट्यात टाका. खिडक्या उघडायच्याही याच वेळात. थंडीत पहाटे हवा खाली दाबलेली असते, रस्त्याची आणि बांधकामांची धूळ तिथेच तरंगते, ती सकाळी सातला घरात घेण्यात अर्थ नाही.

रात्रीचं खरं भांडण थंडीशी नसतं, डासांशी असतं. खाडीकाठच्या आणि नाल्यालगतच्या भागांत डासांसाठी पंखा लागतो आणि पंख्यासाठी रजई. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर एक नंबरचा पंखा वीज फार खात नाही, पण वारा अंगाची ऊब सतत नेत राहतो आणि पहाटे घसा धरतो. मच्छरदाणी लावा, पंखा बंद करा. एक पांघरूण कमी लागेल.

पांघरुणाचं गणितही उलटं करून बघा. वर दोन चादरी असूनही पाठ गार पडते, कारण गादी अंगाच्या वजनाने दबलेली असते, विशेषतः फरशीवर घातलेली. एक गोधडी खाली घाला, खाली चटई किंवा सतरंजी असली तर आणखी बरं, वर सोलापुरी चादर. गोधडीतला कापूस किंवा जुनी लुगडी ओलसर झाली की ऊब देत नाहीत, आठवड्यातून एकदा अकरा ते तीन गच्चीवर टाका.

पाय गार पडणाऱ्यांसाठी रबरी पिशवी. दोन तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, मग बूच. उकळतं पाणी नको, ६० अंशांचं पुरे, आणि फडक्यात गुंडाळलेली. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांच्या अंथरुणातून झोपण्याआधी ती काढून घ्या.

फ्रीजची कळ थंडीत एक-दोनवर आणा. मीटर टीओडीचा (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटना सवलत मिळते, वॉशिंग मशीन आणि इस्त्री त्या वेळात ढकला.

गच्चीवर सोलर आहे, पण गरम येत नाही

ठाण्यातल्या अनेक इमारतींवर सोलर वॉटर हीटर आहेत आणि अनेक ठिकाणी ते शोभेचे झालेत. थंडीत आकाश निरभ्र असतं, हेच त्यांचे कमाईचे महिने. तक्रार ठरलेली: वरच्या मजल्यांवर गरम, खालच्यांना गार. २० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे ०.३१ लिटर पाणी बसतं, दहा मजले खाली म्हणजे नऊ-दहा लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं. ते सोडायचा कंटाळा येतो आणि माणूस गिझर लावतो. यावर उपाय परतीची लाइन आणि छोटा फिरता पंप, साडेपाच ते साडेआठचा टायमर लावून. पाइपांवर रबरी इन्सुलेशन शाबूत आहे का, पंपाला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आहे का, हे बघा. काचांवरची धूळ पंधरा दिवसांनी, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने धुवा.

एवढं करूनही एखाद्या उभ्या लाइनला कोमटच पाणी येत असेल तर कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आहे. बहुतेक वेळा कारण असतं हँडशॉवर: मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पाणी फक्त शॉवरच्या खटक्यावर बंद केलेलं. शोधायचं असं: एकेका फ्लॅटचा गरम लाइनचा मुख्य कॉक बंद करायचा आणि आत गरम नळ उघडायचा. पाणी थांबलं तर फ्लॅट निर्दोष. येतच राहिलं तर चोर सापडला.